कुणाच्याही पुढे न जाणारा माणूस

पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा 'मार्ग-निर्गम रक्षक' असा छापलेला असे. तो शब्द मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. पगारपत्रक तयार करणारा कारकूनसुद्धा त्यांना शेवटकाका म्हणे. एकदा तर सहीच्या रकान्यापुढे त्याने पेन्सिलीने तेच नाव लिहून ठेवलं होतं. शेवटकाकांनी ते खोडलं नाही, त्याच्याच खाली सही केली.

आमच्या वस्तीला लागून पक्ष्यांसाठी राखलेली मोठी पाणथळ जागा आहे. तळहातासारखी सपाट. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, लव्हाळं, चिखल आणि मधोमध बांधावरून गेलेला एकोणीस किलोमीटरचा डांबरी रस्ता. मोटारींना बंदी, फक्त सायकली. पूर्वेच्या फाटकातून आत शिरायचं आणि पश्चिमेच्या फाटकातून बाहेर पडायचं, उलट येता येत नाही. रस्त्याला वळण नाही, फाटा नाही, चढ नाही, झाडाची सावली नाही. दुपारी साडेतीनला पूर्वेचं फाटक बंद होतं. त्या दिवशीचा सगळ्यात मागचा सायकलस्वार जो असेल, त्याच्या मागून पिवळं जाकीट घालून बाहेर पडायचं, हे शेवटकाकांचं काम. आत कुणी उरलं नाही, याची ते चालतीबोलती खूण. नियम एकच: कुणाच्याही पुढे जायचं नाही. पुढचा थांबला तर थांबायचं. पुढचा चालू लागला तर चालायचं.

नियमाला कारण होतं. सगळे बाहेर पडले की पंपघरातून पाण्याचं दार उघडत आणि तेराव्या ते पंधराव्या किलोमीटरमधल्या सखल भागावर पाणी चढू देत. पक्ष्यांना रात्री चरायला ओली जमीन लागते म्हणून. पाणी पोटरीच्या वर जात नसे, पण रस्ता कुठे संपतो आणि बाजूचा खोल चर कुठे सुरू होतो, ते दिसेनासं होई. पहाटे पाणी उतरलं की शेवटकाका त्याच रस्त्याने उलट दिशेने पूर्वेच्या फाटकाकडे जात. शेवाळ खरवडत, गोटे बाजूला करत. म्हणजे तेव्हाही हळूच.

गंमत अशी, की तरुणपणी हा माणूस रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत धावायचा. चांगला धावायचा. घरात कपाटावर तीन कप होते, त्यांत त्यांच्या बायकोने बटणं, सेफ्टी पिना आणि सुट्या चाव्या ठेवल्या होत्या. जाहिरातीत 'सायकल उत्तम येणे आवश्यक' एवढंच वाचून ते अर्ज घेऊन गेले. परीक्षेला अकरा जण होते. साहेबांनी मैदानात शंभर मीटरवर दोन रेघा मारल्या आणि सांगितलं, "पाय न टेकता जो सगळ्यात शेवटी पोचेल, तो पास." शर्यतीत धावणाऱ्याला जागच्या जागी तोल सांभाळता येतो. बाकीचे दहा जण पोचून घाम पुसत होते, तेव्हा हे अजून मधल्यामधे, पुढचं चाक जरासं डावीकडे वळवून, पुतळ्यासारखे उभे.

"वेगाने जाणारा मी एकटाच होतो, म्हणून हळू जायला मला घेतलं," असं ते सांगत. सांगताना हसत. अठरा वर्षं हसत होते, आणि अलीकडे ते हसू मला जरा उशिरा आल्यासारखं वाटे.

कारण काम अंगात मुरतं. बायकोबरोबर बाजारात जाताना ते चार पावलं मागे चालत. ती मधेच वळून म्हणे, "अहो, शेजारून चाला की. लोकांना वाटतं मी तुम्हाला ओढून आणलंय." बँकेच्या रांगेत मागचा माणूस चुळबुळायला लागला की हे त्याला पुढे जाऊ देत, मग त्याच्या मागच्याला, आणि शेवटी खिडकी बंद होई. जिन्यावर, दारात, नळावर सगळीकडे, "जा जा, तुम्ही व्हा पुढे." लोक म्हणत, किती सज्जन माणूस. मला नाही वाटत तो सज्जनपणा होता. पुढे पाऊल टाकताना त्यांच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवून दाबल्यासारखं दिसे.

मी शाळेत शिकवत असे आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. गणितात हुशार, बोलायला फटकळ. चौथीत तिला बक्षीस मिळालं. समारंभ संध्याकाळी सहाला सुरू झाला. मी सभागृहातल्या खुर्च्या एकावर एक रचून घेत होते, तेव्हा दारात पिवळं जाकीट दिसलं.

"झालं का बक्षीस?" त्यांनी विचारलं.

"मघाशीच झालं. छान बोलली ती."

त्यांनी मान डोलावली, रिकाम्या सभागृहावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सगळे नीट गेले ना?"

पाचवीत नाटक, सातवीत पाय मोडला तेव्हाचं प्लास्टर, बारावीचा निकाल. हे पोचत तेव्हा सगळं उरकलेलं असे. मुलगी चिडत नसे, तिने त्याचा विनोद करून टाकला होता. "आमचे बाबा येतात, पण आधी दिवे बंद होतात," असं ती मैत्रिणींना सांगे. विनोद तीन-चार वर्षं चालतो. पुढे त्याला धार येते.

ती प्रयोगशाळेतलं तंत्र शिकली आणि दूर परदेशातल्या एका रुग्णालयात तिला नोकरी लागली. तीन वर्षांचा करार, पहिलं दीड वर्ष रजा नाही. कागदपत्रं येता येता लांबली आणि मग एकदम आली. पाच दिवसांत निघायचं. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांची शहराची बस, पश्चिमेच्या फाटकासमोरूनच सुटणारी. तिथून पहाटेचं विमान.

शेवटकाकांनी रजा मागितली. बदलीचा एकच माणूस होता, त्याच्या गळ्याचं हाड मोडलेलं. नव्या साहेबीणबाई भल्या होत्या, वयाने तिशीच्या. त्या म्हणाल्या, "काका, गुरुवारी गर्दी कुठे असते? साडेतीनला कुणी आत गेलं तरी पाचपर्यंत बाहेर. तुमच्या हातात तासभर उरतो."

हिशेब बरोबर होता. एकोणीस किलोमीटरला अगदी रमतगमत जाणाऱ्यालाही दीड तास पुरे.

गुरुवारी डबा हातात देताना बायको म्हणाली, "बसला पुढचं दार असतं आणि तिथे सगळ्यांच्या आधी पोचायची मुभाही असते, हे लक्षात ठेवा." मुलगी बॅगेवर बसून चेन ओढत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बाबा, या वेळी तरी बस सुटायच्या आत या. एवढंच. बाकी मला काही नको."

"येतो," ते म्हणाले.

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पूर्वेच्या फाटकाशी एक चष्मेवाल्या मावशी आल्या. पासष्टीच्या असतील. डोक्यावर हेल्मेट, तेही उलटं घातलेलं. भाड्याची लाल सायकल हाताने ढकलत त्या तिकिटाच्या खिडकीशी पोचल्या. त्यांनी दहा महिन्यांपूर्वी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, सायकल शिकायला घेतली होती आणि आज पहिल्यांदाच मोठी फेरी मारणार होत्या. हे सगळं त्यांनी खिडकीवाल्या ताईंना तिकीट घेता घेता सांगितलं.

"ताई," शेवटकाका हळूच म्हणाले, "साडेतीन झाले का?"

"दोन मिनिटं आहेत," ताई म्हणाल्या. "मला तरी काय सांगता काका, नियम तुमचाच." आणि त्यांनी तिकीट फाडलं.

मावशींची सायकल चालायची, पण त्यांना एका वेळी एकच गोष्ट जमायची. पक्षी दिसला की उतरायचं. चष्मा घसरला की उतरायचं. वाऱ्याचा झोत आला की उतरून तो कमी व्हायची वाट बघायची. आणि सायकलवर बसून बोलणं तर अशक्यच. पहिल्याच किलोमीटरला शेवटकाका मागून म्हणाले, "मावशी, वारा पाठीशी आहे, मारा थोडे जोरात पायडल." मावशींनी ब्रेक दाबला, उतरल्या, दोन्ही पाय जमिनीवर टेकले, सायकल स्टँडला लावली आणि वळून म्हणाल्या, "काय म्हणालात, भाऊ?"

त्या एका वाक्याची किंमत दीड मिनिट होती. त्यानंतर ते बोलले नाहीत. बोललं तर त्या थांबतात, न बोललं तर त्यांना घाई कळत नाही.

पाचव्या किलोमीटरच्या दगडाशी चार वाजून वीस. आठव्याशी पाचला दहा कमी. त्यांनी पायडल मारणं बंद केलं होतं. जरासं ढकलायचं, चाक आपोआप जाऊ द्यायचं, तोल धरायचा. मांड्यांमधे रक्त साचल्यासारखं झालं. बाजूला बगळे उभे. पुढे लाल सायकल, उलटं हेल्मेट, आणि त्याच्याही पुढे रस्ता, रेघेसारखा, शेवटपर्यंत दिसणारा. सपाट जागेचा हाच जाच असतो. तिथे सगळं दिसतं. पश्चिमेच्या फाटकाची पांढरी कमान दहा किलोमीटरवरून दिसते. शर्यतीच्या दिवसांत असा रस्ता मिळाला असता तर त्यांनी देवाचे आभार मानले असते. आता त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर त्यांना हात पसरायलाही जागा नव्हती.

मावशींना सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात अनेकदा आलं. माझी मुलगी जातेय, जरा घाई करा. पण घाईत त्या पडल्या तर? पाणी दोन हातांवर. आणि सांगायचं तरी काय, तुम्ही आलात म्हणून माझं अडलं?

दहावा दगड, पाच वाजून बारा. मावशींनी बाटली काढून पाणी प्यायलं, झाकण खाली पडलं, ते शोधलं. तेरावा दगड, पाच वाजून बेचाळीस.

तिथे शेवटकाका पहिल्यांदा लाल सायकलच्या शेजारी आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मावशी अर्थातच उतरल्या.

"मावशी, मी जरा पुढे जातो. तुम्ही सावकाश या. फाटक उघडं ठेवतो."

"जा की, भाऊ," मावशी म्हणाल्या. "मी आपली बघत बघत येते."

त्यांनी मनात सगळं जुळवलं होतं. सहा किलोमीटर. पोचायचं, फाटकवाल्याला सांगायचं की एक बाई आत आहेत, पाणी थांबवा. मुलीला बसमधे बसवायचं. मग परत येऊन मावशींच्या मागे लागायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आणि मग ते निघाले. सरकारी सायकल म्हणजे लोखंडाचा पलंगच. मागे प्रथमोपचाराची पेटी, पुढे हवा भरायचा पंप. तरी त्यांनी पाठ वाकवली, कोपरं आत घेतली आणि पायांना जे आठवत होतं ते करू दिलं. छाती जळायला लागली. त्यांनी मला नंतर सांगितलं, "बाई, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मुलगी जातेय, मावशी मागे एकट्या, आणि मला आनंद झाला."

पश्चिमेच्या फाटकावरच्या माणसाला सगळे कुलूपराव म्हणत. गुडघे गेलेले, पण हातातला चाव्यांचा जुडगा कधी खाली ठेवत नसे. त्याचं काम सहीच्या वहीत दिवस बंद करणं आणि पंपघराला फोन करणं. शेवटकाका अठरा वर्षं समजत होते की आपण वहीत सही केल्यावर तो फोन करतो. तसं कागदावर होतंही. पण कुलूपराव खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत असे. पिवळं जाकीट दूरवर दिसलं आणि त्याच्यापुढे रस्ता रिकामा असला, की तो लगेच फोन उचली. तेवढीच दहा मिनिटं लवकर सुटका. यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण पिवळ्या जाकिटाच्या मागे कधी कुणी नसेच. आणि शेवटकाकांना हे कधी कळलं नव्हतं, कारण फाटकावर ते पोचण्याआधी काय होतं, ते त्यांना दिसणार कसं?

पाच वाजून सत्तावन्नला ते कमानीखाली पोचले. समोर रस्त्यापलीकडे बस थांबा. बायको उभी, दोन बॅगा, आणि मुलगी. ती त्यांना बघून रस्ता ओलांडून पळतच आली.

"बाबा! अजून बस आलीच नाही! तुम्ही चक्क आधी आलात!"

"थांब, एक मिनिट," ते धापा टाकत म्हणाले आणि कुलूपरावकडे वळले. "एक बाई आहेत आत. पाणी सोडू नका अजून."

"आत कोण?" कुलूपरावने वही पुढे केली. "तुम्ही आलात ना बाहेर? मग आत कोण असणार?"

"आहेत म्हणतो ना! तेराव्या दगडाशी. पंपघराला सांगा."

कुलूपरावचा हात वहीवरच राहिला. "काका," तो म्हणाला, "सात मिनिटं झाली पाणी सोडून."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तुम्ही दिसलात."

फोन लावला. पंपघरवाला म्हणाला, दार पाडतो, पण कालव्यात आलंय ते पाणी जाणारच, त्याला काय परत बोलवू? जीप पूर्वेच्या कचेरीत. कुलूपरावला सायकल येत नव्हती. त्याने नुसतं आपल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"मला परत आत जायला हवं," शेवटकाका मुलीला म्हणाले.

बायको तोवर येऊन पोचली होती. "आता काय विसरलात?"

"माणूस," ते म्हणाले.

दूर सडकेच्या वळणावर बसचा दिवा लागलेला दिसला. तिघांनाही दिसला. मुलीने सायकलच्या हँडलवर हात ठेवला होता, ब्रेकच्या जरा बाजूला. त्यांनी सायकल वळवली तरी हात तसाच. मग तो सुटला. तिने सोडला की आपल्यालाच तो सोडवावा लागला, हे त्यांना आजही नक्की सांगता येत नाही.

"पोचलीस की फोन कर," एवढं ते म्हणाले. तेही मागे न वळता.

सपाट जागेत सगळं दिसतं, हे आधी लिहिलंच आहे. बस आली, थांबली, निघाली, हे त्यांना मागे न बघताही कळत होतं, कारण ती सडक बांधाला समांतर बराच वेळ जाते. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक दिवा त्यांच्याबरोबर चालला होता. मान वळवली असती तर खिडक्या दिसल्या असत्या. पण पुढे रस्त्यावर पाणी चमकायला लागलं होतं आणि नजर काढायची सोय नव्हती. दिवा हळूहळू पुढे गेला, मग लहान झाला.

मावशी सापडल्या त्या तेराव्या दगडापासून जेमतेम दोनशे पावलांवर. घोट्याच्या वर पाणी, बूट काढून हँडलला अडकवलेले, सायकल अंगाशी धरून शांतपणे उभ्या.

"अहो मावशी, पुढे का नाही आलात?"

"तुम्ही गेलात ना पुढे," मावशी म्हणाल्या. "आत येताना पाटी वाचली मी. 'रक्षक सगळ्यांच्या मागे असतो.' मग तुम्ही मला सोडून गेलात, म्हणजे माझ्या मागे आणखी कुणीतरी असणारच. माझ्याहून हळू. म्हटलं बिचारं एकटं येत असेल, सोबतीला थांबावं."

त्यांनी मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"नाही का कुणी?" मावशींनी विचारलं.

"नाही. तुम्हीच."

"अरेच्चा," मावशी म्हणाल्या. आणि मग जरा वेळाने, "तुमचं काम झालं का, भाऊ?"

"झालं," ते म्हणाले.

पाणी पोटरीपर्यंत चढलं. त्यांनी मावशींना रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि स्वतः कडेने, पायाने डांबर चाचपत चालत राहिले. प्रत्येक खड्डा पाठ होता. "इथे डावीकडे या. आता सरळ. इथे एक उंचवटा आहे, अडखळू नका." मावशी अजूनही थांबून उत्तर देत होत्या. पाण्यातल्या दोन किलोमीटरला पाऊण तास लागला, मग उरलेले चार पुन्हा सायकलवर. अंधार पडता पडता ते फाटकाशी पोचले, तेव्हा मावशींचा भाचा गाडी घेऊन येऊन थांबला होता आणि कुलूपराव कमानीखाली उभा होता, त्या गेलेल्या गुडघ्यांसकट. थांब्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवटकाका स्वतःच कचेरीत गेले. झालं ते सगळं लिहून दिलं, वेळांसकट. कुलूपरावचा फोन मात्र त्यांनी लिहिला नाही. तो कुलूपरावनेच येऊन सांगितला. साहेबीणबाईंनी दोन्ही कागद वाचले.

"मला ठपका द्यावा लागेल, काका."

"द्या. आणि मला या कामावरून काढा, बाई. खिडकीवर बसवा, पंपघरात घाला, कुठेही."

साहेबीणबाई म्हणाल्या, "तुमच्या जागी कोण? गेल्या वर्षी दोघांना घेऊन बघितलं मी. एक पंधरा दिवसांत पळाला. दुसरा लोकांच्या मागे घंटी वाजवत बसायचा. हे काम कुणाला करवत नाही, काका. तुम्हाला करवतं, हा तुमचा दोष आहे, मी काय करू?"

ठपक्याचा कागद घेऊन ते निघाले. साडेतीनला पूर्वेच्या फाटकावर होते. त्या दिवशी शेवटी एक जोडपं होतं, भांडत चाललेलं, आणि भांडणाऱ्यांना घाई नसते.

घरी बायकोने चार दिवस बसचा विषय काढला नाही, त्यावरून त्यांना काय ते समजलं. मुलीचा पोचल्याचा निरोप आला होता, दोन शब्दांचा. फोन आला तो पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी. शेवटकाकांनी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. चार दिवस रस्त्यावर, पुढच्याच्या चाकाकडे बघत, ते त्यांनी घोटलं होतं. माफीचं होतं, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

"हॅलो, बाबा?"

"हां, बोल."

"त्या बाई पोचल्या ना?"

वाक्य कुठल्या कुठे गेलं. "पोचल्या."

"नक्की? काही झालं नाही ना त्यांना?"

"काही नाही. भिजल्या फक्त. त्यांच्या भाच्याच्या गाडीत बसवून दिलं."

"मग ठीक," मुलगी म्हणाली. "मी बसच्या खिडकीतून बघत होते. पिवळं जाकीट दिसत होतं. मग पाण्यात कळेना, माणूस आहे की खांब."

बायकोने फोन ओढून घेतला. जेवतेस का, पांघरूण पुरतं का, कोण कोण आहे शेजारी, सगळं विचारून झालं, आणि मग तिने तो परत दिला. "घ्या, तुमचं काय ते बोला."

"खोली कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"लहान आहे. खिडकी उघडली की समोर भिंत. हात लांब केला तर लागते. सूर्य कुठून उगवतो, कळत नाही."

"पलीकडे काय आहे?"

"दुसरी खोली असेल. तीन वर्षं हीच भिंत, बाबा. करारात लिहिलंय, खोली बदलून मिळणार नाही."

"भिंत असली की बरं असतं," शेवटकाका जरा विचार करून म्हणाले. "नजर कुठेतरी टेकते तरी."

ती हसली की नुसता श्वास सोडला, ते फोनवर समजलं नाही.

"केवढी आहे खोली?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाही. थांबा." आणि तिने बहुतेक फोन कानाशी धरूनच चालायला सुरुवात केली. भिंतीपासून दारापर्यंत, मग दारापासून पलंगापर्यंत. एक, दोन, तीन, ती मोठ्याने मोजत होती. पलंग मधे आला, तेव्हा थांबली, त्याला वळसा घातला, आणि पुढचा आकडा विसरली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते ऐकत राहिले.